घड्याळ आणि फोनमधली पावलं जुळत नाहीत? सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी हे तपासा

नागपूरच्या सीताबर्डीत माझं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे. फुटलेली स्क्रीन, सैल झालेली चार्जिंगची पिन ही रोजची कामं. त्यात आता पावलांची तक्रार कायमची येऊन बसली आहे. "भाऊ, हे घड्याळ पावलं खाऊन राहिलं" म्हणणारे वेगळे आणि "कुठं गेलो नाही तरी चार हजार दाखवून राहिलं" म्हणणारे वेगळे. घड्याळ खरोखर बिघडलेलं क्वचितच निघतं. बहुतेकदा सैल पट्टा, खिशात घातलेला हात, बंद पडलेली परवानगी किंवा दोन अ‍ॅपची झालेली बेरीज, यांपैकी एखादी गोष्ट आकडा बिघडवत असते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातलं आणि दोन मिनिटांचं आधी, घड्याळ पुसून नव्याने सुरू करण्यासारखं शेवटी.

तुमचं दुखणं यातलं कोणतं?

- फिरून आलात, सोबतच्या माणसापेक्षा घड्याळात पावलं बरीच कमी.
- गाडीवरून ऑफिसला गेलात किंवा स्वयंपाक केला, आणि पावलं आपोआप वाढली.
- घड्याळाच्या पडद्यावर एक आकडा, फोनच्या अ‍ॅपमध्ये दुसरा.
- अ‍ॅपमधला आकडा दुपारपासून गोठलेला, अ‍ॅप उघडलं की एकदम उडी.
- आकडा जवळजवळ दुप्पट.
- पावलं ठीक, पण किलोमीटर पटत नाहीत.
- फोन शून्यावरून हलतच नाही.
- रात्री बाराला नव्याने सुरू व्हायचं सोडून आकडा भलत्याच वेळी शून्य होतो.

पहिली दोन लक्षणं हाताची आणि पट्ट्याची आहेत. बाकीची बहुतेक फोनमधली. कोणतंही असलं तरी पहिली चाचणी चुकवू नका, कारण दोष कोणाचा हे तिच्याशिवाय कळत नाही.

१. तोंडाने शंभर पावलं मोजा

सपाट, मोकळी जागा बघा. फुटाळ्याचा काठ, जपानी गार्डनजवळचा रस्ता, नाही तर सोसायटीचं पार्किंगही चालेल. घड्याळाच्या पडद्यावरचा आकडा कागदावर लिहा, फोनमधला लिहा. फोन पँटच्या पुढच्या खिशात टाका. मग नेहमीच्या चालीने, हात मोकळे सोडून, तोंडाने मोजत शंभर पावलं चाला. थांबा, हात स्थिर ठेवा, पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या आणि दोन्ही आकडे पुन्हा लिहा. असं तीनदा.

थांबायचं का, तर आकडा पडद्यावर लगेच येत नाही. अँड्रॉइड फोनमधला पावलं मोजणारा सेन्सर दहा सेकंदांपर्यंत मागे राहू शकतो. अचूकता हवी म्हणून त्याला तेवढी सवड दिलेलीच असते. लोक थांबतात त्याच क्षणी मनगट वळवून बघतात आणि आठ-दहा पावलं खाल्ली म्हणून घड्याळाच्या नावाने बोटं मोडतात.

आणि शंभरच का, वीस का नाहीत? घड्याळाला पाय दिसत नाहीत. आत एक इवलीशी चिप असते, अ‍ॅक्सेलरोमीटर. तिला तीन दिशांनी बसणारे हिसके तेवढे कळतात. साधारण मोठा माणूस आरामात चालताना मिनिटाला शंभर-एकशेवीस पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. घड्याळ त्या ठेक्याची वाट बघतं. पाच-दहा हिसके लागोपाठ त्याच ठेक्यात आले की मगच हा माणूस चालतोय असं मानून मागचे धरून मोजायला लागतं. ठेका जमण्याआधी तुम्ही थांबलात तर ती पावलं जातात. स्वयंपाकघर ते हॉल, हॉल ते गॅलरी अशा घरातल्या येरझारा म्हणूनच कमी भरतात. घरकाम करणाऱ्या बायांचा "दिवसभर पायावर उभी असते अन् दोन हजारच?" हा राग अगदी रास्त आहे. त्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही.

आता निकाल. शंभराला ९५ ते १०५ येत असेल तर सेन्सर निरोगी आहे, त्याच्या वाट्याला जाऊ नका. शंभरात तीन चुकली तर दहा हजारांत तीनशे चुकतात, आणि तेवढ्याने काही अडत नाही. मुळात दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांच्या प्रयोगातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या प्रचारातून तो जगभर रुजला.

घड्याळ बरोबर आणि अ‍ॅप चूक निघालं, तर थेट सहाव्या मुद्द्यावर जा. घड्याळच चूक निघालं, तर पुढचं वाचा. तीन वेळा तीन भलतेच आकडे आले, म्हणजे ९८, मग ४०, मग शून्य असं काही, तर तो कागद जपून ठेवा, शेवटी लागेल.

आणखी एक. नवरा-बायको सोबत फुटाळ्याला जातात, सोबतच परत येतात, आणि बायकोची पावलं जास्त भरतात. मग नवऱ्याचं घड्याळ माझ्या काउंटरवर! उंची कमी म्हणजे पाऊल लहान, पाऊल लहान म्हणजे त्याच अंतराला पावलं जास्त. दोन्ही घड्याळं बरोबर असतात. दुसऱ्याच्या घड्याळाशी आपलं ताडून बघण्याला काहीच अर्थ नाही.

२. पट्टा आणि मनगट

नागपुरात या तक्रारीचे दोन हंगाम आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की मनगट घामेजतं, पट्टा चावायला लागतो आणि माणूस तो दोन भोकं सैल करतो. सैल घड्याळ हातावर आपल्या तालात डुलतं. पावलाचा हिसका त्यात मिसळून जातो. कधी एकाचे दोन होतात, कधी एकही धरत नाही. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, कोपराच्या बाजूला घाला. पट्ट्याखाली एक बोट कसंबसं जावं, इतका घट्ट. सिलिकॉनच्या पट्ट्याने घामोळं येत असेल तर कापडी पट्टा घ्या. पावलांसाठी तोही चालतो, फक्त रोज धुवा.

दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. सकाळी पारा दहाच्या खाली, आणि सिव्हिल लाइन्समध्ये फिरणारी निम्मी मंडळी जॅकेटच्या खिशात हात घालून चाललेली. खिशातला हात हलत नाही, घड्याळाला चाल कळत नाही, आणि तासभर फिरूनही आकडा दीड-दोन हजारांत अडकतो. हातमोजे घाला आणि हात मोकळे सोडा. ते जमत नसेल तर त्या तासापुरता फोनचा आकडा खरा धरा.

हात न हलण्याची कारणं बारा महिने असतातच. कॉटन मार्केटमधून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणं, मॉलमधली ट्रॉली, बाळाची गाडी, छत्री, कानाला लावलेला फोन. घड्याळ कोणत्याही किमतीचं असो, यात ते कमीच मोजणार. फिरायला जाताना घड्याळावर 'वॉक' सुरू केलं तर पावलं सुधारतील असं पुष्कळांना वाटतं. त्याने अंतर सुधारतं, कारण जीपीएस चालू होतं. पावलं तरीही हाताच्याच हालचालीवर मोजली जातात.

घड्याळ कोणत्या हातात आहे हे अ‍ॅपमध्ये बरोबर भरलंय का तेही पाहा. फिटबिटसारख्या अ‍ॅपमध्ये कामाचा हात की दुसरा, असं विचारतात. कामाचा हात दिवसभर काहीतरी करतच असतो, म्हणून तिथे घड्याळ जरा कडक होतं आणि बारीकसारीक हालचाली सोडून देतं. उजव्या हाताने कामं करणाऱ्याने घड्याळ डाव्या हातात घालावं आणि तसंच नोंदवावं. फार काळजी करण्यासारखी गोष्ट नाही ही, पण फुकट आहे.

काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी-आजोबांचं मात्र वेगळं. वॉकर धरलेला हात हलत नाही, पाऊल सावकाश आणि घासत पडतं, हिसका बारीक बसतो. मनगटावरचं घड्याळ तिथे हमखास कमी मोजतं. घड्याळ घोट्यावर, मोज्यावरून बांधून शंभर पावलांची चाचणी घ्या. नाडीचे ठोके तिथे मिळणार नाहीत, पण पावलं बऱ्याच जणांची जमतात. नाही तर फोन छोट्या कंबरपट्ट्यात ठेवा.

३. पोळपाटावर आणि गाडीवर वाढणारी पावलं

पोळी लाटताना हात पुढे-मागे जातो तो सेकंदाला साधारण दीड-दोनदा. म्हणजे नेमका चालण्याचाच ठेका. घड्याळाने ती पावलं धरली तर त्याला दोष देता येत नाही. कणीक मळणं, भजनातल्या टाळ्या, खलबत्ता, सगळ्याचं तेच. स्वयंपाकाच्या वेळी घड्याळ काढून ठेवा. पोळ्यांच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकदा लिहून बघा, तुमच्या घड्याळाला हा रोग आहे की नाही ते लगेच कळेल. सगळ्यांना नसतो.

गाडीचं गणित जास्त मजेदार आहे. इंजिनाची थरथर खूप वेगवान असते, ती घड्याळ गाळून टाकतं. त्रास देतात ते रस्त्याचे धक्के. आपल्याकडे आता जिकडे तिकडे सिमेंटचे रस्ते. त्यांचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर धरा. ताशी ३० किलोमीटरने गाडी चालली तर सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त अंतर कापलं जातं, म्हणजे सेकंदाला दोनच्या आत-बाहेर सांधे. चाळीसने गेलात तर अडीच. प्रत्येक सांध्याला हँडलवरच्या मनगटाला बारीकसा धक्का, तोही एकसारखा आणि चालण्याच्याच ठेक्यात! सांधे उचलले गेलेल्या रस्त्यावर घड्याळ फसलं तर नवल नाही. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तीच गाडी, तोच हात, आणि आकडा जवळजवळ हलत नाही. खड्डे वेडेवाकडे येतात, त्यांना ठेका नसतो, त्यामुळे खड्ड्यांचा त्रास कमरेला जास्त आणि घड्याळाला कमी.

उपाय साधा आहे. घरून निघताना आणि पोहोचल्यावर आकडा बघा. फरक शंभर-दोनशेचा असेल तर सोडून द्या. हजारात जात असेल तर गाडीवर बसताना घड्याळ काढून पिशवीत टाका आणि फोनची पावलं बंद आहेत याची खात्री करा, कारण डिक्कीत पडलेला फोनही तेच धक्के खातो. मेट्रोने जात असाल तर हा प्रश्नच सहसा येत नाही. सीताबर्डीला गाडी बदलताना होणारी चाल मात्र खरी असते, ती मोजू द्या.

४. फोन कुठे असतो?

फोन टेबलावर असेल तर तो शून्य दाखवणारच. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. घड्याळात सहा हजार आणि फोनमध्ये अडीच हजार, यात बिघाड काहीच नसतो. साडेतीन हजार पावलं तुम्ही फोन सोडून चाललात. खांद्याच्या मोठ्या पर्समध्ये, खाली रुमाल, वर डबा, अशा जागी फोनला पावलाचा हिसका अर्धामुर्धाच पोहोचतो. पँटचा पुढचा खिसा सगळ्यात भरवशाचा. हातात धरून रील बघत चालणाऱ्याचा फोनही कमी मोजतो, कारण डोळ्यासमोरचा पडदा हलू नये म्हणून आपण नकळत हात स्थिर धरतो.

५. अंतर चुकतंय की पावलं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएस नसताना अ‍ॅप पावलांना एका पावलाच्या लांबीने गुणतं, आणि ती लांबी तुमच्या उंचीवरून अंदाजाने घेतं. घड्याळ घेतलं त्या दिवशी घाईत उंची भलतीच भरली असेल तर किलोमीटर कायमचे चुकतात. आधी उंची, वजन, जन्मवर्ष तपासा. याने पावलं बदलणार नाहीत, अंतर आणि कॅलरी बदलतील.

लांबी स्वतः काढायची तर चारशे मीटरचा धावपट्टा असलेलं मैदान गाठा आणि सगळ्यात आतल्या पट्ट्यातून एक फेरी मोजून मारा. समजा ५८० पावलं लागली. चारशे भागिले ५८०, म्हणजे पाऊल ६९ सेंटीमीटरचं. अ‍ॅप ते ७६ धरत असेल तर दहा हजार पावलांना ६.९ ऐवजी ७.६ किलोमीटर दाखवेल. सातशे मीटर फुकटचे. अ‍ॅपमध्ये 'स्ट्राइड लेंग्थ' भरायची सोय असेल तर तिथे ६९ लिहा. अ‍ॅपल वॉचला आकडा भरत बसावं लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली, सपाट जागी, 'आउटडोअर वॉक' लावून वीसेक मिनिटं नेहमीच्या चालीने चाललं की ते तुमचं पाऊल शिकून घेतं.

६. परवानग्या आणि बॅटरी सेव्हर

काउंटरवर येणारी बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

आधी फोन आणि घड्याळ दोन्ही बंद करून सुरू करा. फोनची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' आहे ना, बघा. घड्याळ पूर्ण उतरून बंद पडलं असेल तर त्याची वेळ चुकू शकते, आणि वेळ चुकली की दिवसही भलत्याच वेळी संपतो. फोनशी एकदा सिंक झालं की हे सहसा सुधारतं.

मग परवानग्या. अँड्रॉइड १० पासून फोनच्या सेन्सरने पावलं मोजायला 'फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी' ही वेगळी परवानगी लागते. ती नसली तर अ‍ॅप तक्रार करत नाही, गुपचूप शून्य दाखवत राहतं. तुम्ही ती कधी बंद केली नसेल, तरी फोनने केलेली असू शकते: अँड्रॉइड ११ पासून महिनोन्‌महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. उन्हाळाभर फिरणं बंद, दिवाळीनंतर पुन्हा सुरू, आणि अ‍ॅप मुकं. त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर 'वापरात नसल्यास अ‍ॅप थांबवा' अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करून टाका. आयफोनमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मोशन अँड फिटनेस असं आत जा आणि फिटनेस ट्रॅकिंग चालू करा.

घड्याळाची पावलं फोनपर्यंत येत नसतील तर परवानगी वेगळी. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरून घड्याळ शोधायला लोकेशन चालू लागायचं. १२ पासून त्यासाठी 'निअरबाय डिव्हाइसेस' आहे. दोन्ही बघून घ्या.

यानंतर बॅटरी. दुपारपासून गोठलेला आकडा आणि अ‍ॅप उघडताच उडी, म्हणजे फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपला झोपवतोय. पावलं हरवलेली नसतात, घड्याळाने जपून ठेवलेली असतात. फक्त घ्यायला कोणी जागं नसतं. सेटिंग प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या नावाने लपलेलं आहे. शाओमी-रेडमीत 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि बॅटरीत 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. सॅमसंगमध्ये अ‍ॅपला 'नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत टाका. ओप्पो, रिअलमीत 'ऑटो लाँच' आणि बॅकग्राउंडला परवानगी द्या. आणि ते चौकोनी बटण दाबून सगळी अ‍ॅप झाडून टाकायची सवय असेल, तर निदान घड्याळाचं अ‍ॅप तेवढं राहू द्या. घरातल्या पोरांनी "बाबा, फोन स्लो झाला" म्हणून बसवलेलं 'क्लीनर' असेल तर ते काढून टाका. त्याने फोन काही पळत नाही, घड्याळाचं अ‍ॅप मात्र रोज मरतं.

७. दुप्पट आकडा

फोनही मोजतोय, घड्याळही मोजतंय, आणि तिसरं एखादं अ‍ॅप दोघांची बेरीज करतंय. ऑफिसच्या 'स्टेप चॅलेंज'मध्ये यावरून भांडणं होतात, कारण एखाद्याचे अचानक बावीस हजार दिसतात आणि तो शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही. खरंच त्याने काही केलेलं नसतं.

अँड्रॉइडवर 'हेल्थ कनेक्ट' उघडा. अँड्रॉइड १४ पासून ते फोनच्या सेटिंगमध्येच आहे, त्याआधीच्या फोनवर वेगळं अ‍ॅप म्हणून येतं. तिथे पावलं कोण कोण लिहितंय याची यादी दिसेल, आणि कोणाचं खरं धरायचं त्याचा क्रम लावता येतो. घड्याळाचं अ‍ॅप सगळ्यात वर ठेवा, बाकीच्यांची पावलं लिहायची परवानगी काढा. आयफोनमध्ये हेल्थ अ‍ॅपच्या 'स्टेप्स'मध्ये खाली 'डेटा सोर्सेस अँड अ‍ॅक्सेस' आहे. 'एडिट' दाबून घड्याळ वर ओढा. आयफोनचं हेल्थ अ‍ॅप स्वतः दोनदा मोजत नाही, तो क्रम बघूनच बेरीज करतं. त्यातून माहिती उचलणारं बाहेरचं अ‍ॅप मात्र कधी कधी सगळं एकत्र करतं. अशा वेळी त्या बाहेरच्या अ‍ॅपमध्ये एकच स्रोत निवडा.

चॅलेंजच्या मधोमध स्रोत बदलू नका. कमी-जास्त काय असेल ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच यंत्राचं ठेवा. नाही तर बुधवारी पावलं कशी घटली याचा हिशेब द्यायला तुम्हालाच बसावं लागेल.

८. जोडणी तोडून पुन्हा जोडणं

इथपर्यंत काही गमावण्याची भीती नव्हती. इथून पुढे आहे. बरीच घड्याळं जोडणी तोडली की आतली नोंद पुसतात, म्हणून आधी अ‍ॅप उघडून सिंक पूर्ण होऊ द्या. मग अ‍ॅपमधून घड्याळ काढा, फोनच्या ब्लूटूथच्या यादीतूनही 'फर्गेट' करा, दोन्ही रीस्टार्ट करा. पुन्हा जोडताना अ‍ॅपच्या आतूनच जोडा. फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून थेट जोडलेलं घड्याळ कॉल घेतं, गाणी बदलतं, पण पावलं पाठवत नाही, आणि माणूस "कनेक्टेड तर दिसून राहिलं ना!" म्हणून वाद घालत बसतो.

घड्याळ आधी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनशी जोडलेलं होतं का, तेही आठवा. तो फोन जवळ असला की काही घड्याळं जुन्या मालकाकडेच पळतात.

९. अपडेट, आणि मगच रीसेट

घड्याळ निम्म्याहून जास्त चार्ज करून अपडेट करा. पावलं मोजायची गाळणी अपडेटमध्ये बदलू शकते, म्हणून नंतर शंभर पावलांची चाचणी परत घ्या. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, आणि रीसेटनंतर जुनी अ‍ॅप लगेच जोडू नका. नुसतं घड्याळ मनगटावर घालून आधी चाचणी घ्या. तेव्हाही आकडा वेडावाकडा आला तर दोष आतला आहे.

सेन्सर मेल्याची खूण एक आणखी आहे. मनगट वर केल्यावर पडदा उजळणंही बंद पडलेलं असतं, कारण तेही त्याच चिपवर चालतं. फोनच्या बाबतीत पडदा आडवा-उभा फिरतो का ते बघा. बऱ्याच सॅमसंग फोनमध्ये डायलवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की तपासणीचं पान उघडतं; त्यात 'सेन्सर'मध्ये फोन हलवला की आकडे हलायला हवेत. टेबलावर ठेवलेल्या बाटलीला घड्याळ बांधून नाडी दाखवतं म्हणून ते नकली, असे व्हिडिओ फिरतात. त्यावर जाऊ नका. उजेडावर चालणारा तो सेन्सर चांगल्या घड्याळातही बाटलीची 'नाडी' दाखवू शकतो, आणि पावलांशी त्याचा काही संबंध नाही.

इथे थांबा

घड्याळाची मागची काच किंवा पडदा वर उचललेला दिसला, कडेला फट पडली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, मनगटावर घालू नका. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये राहिलेल्या घड्याळांचं हे होतं. ते पेटण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.

पडद्याच्या आत वाफ धरली असेल तर तांदळात पुरून ठेवण्याचा उद्योग नको. बंद करा आणि न्या.

घड्याळ घरी उघडू नका. पाण्यापासून वाचवणारी पट्टी एकदा सुटली की ती तशी परत बसत नाही, आणि सेन्सर मुख्य बोर्डवर झाळलेला असतो; उघडून हाती काही लागत नाही. स्वस्तातल्या घड्याळाचा बोर्ड बदलण्याचा खर्च नव्या घड्याळाच्या आसपास जातो. असं घड्याळ माझ्याकडे आलं तर मी सरळ सांगतो, काका, यात पैसे घालू नका.

एक प्रकार मात्र माझ्या काउंटरचा नाही. चाचणीत घड्याळ बरोबर निघतं, सवयी त्याच, तरी काही आठवड्यांत रोजची पावलं उतरत चालली आहेत; चालताना दम लागतो, छातीत दाटतं, पाय घासत पडतो किंवा तोल जातो. तिथे सेटिंग शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल तर लगेच. पेसमेकर असलेल्यांनी चुंबकी चार्जर आणि चुंबकी पट्ट्याबद्दलही त्यांनाच विचारावं.

वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा, माझ्यासारख्याकडे आधी उघडायला देऊ नका. सोबत बिल, घड्याळाचा सिरीयल नंबर आणि तीन चाचण्यांच्या आकड्यांचा कागद न्या. अपडेट, जोडणी, रीसेट सगळं करून झालंय हे त्याच कागदावर तारखेसह लिहा, म्हणजे "रीसेट करून बघा" म्हणून कोणी परत पाठवणार नाही.